शिजवणीचा नंबर आणि तीन लायब्रऱ्या

सासुरवाडीत मुक्काम ठोकलेल्या जावयाला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तो शब्द इथे लिहिणार नाही. काटेकोरपणे पाहिले तर मी तो नाहीच. माझी कंपनी पुण्यात आहे, कंपनीने घरून काम करायला सांगितले आणि बायकोची शाळा कुरुंद्यात आहे. आता ‘घरून’ म्हणजे कोणाच्या घरून, याचा खुलासा कंपनीने आजवर केलेला नाही. तेव्हा कुरुंद्यात उत्तमरावांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या माडीवर माझे टेबल आहे, टेबलावर लॅपटॉप आहे, आणि तो शब्द मला गावात आजवर कोणी म्हटलेला नाही. दुःख तेच आहे. गावात मला कोणी काहीच म्हणत नाही.

एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई, असा इथला रिवाज. मी रस्त्याने निघालो की कोणीतरी खुर्ची आणतो. मला कुठे बसायचे नसते, पण खुर्ची आली की बसावे लागते, आणि बसलो की चहा येतो. बादली उचलायला वाकलो की ती कोणीतरी हातातून काढून घेतो. एकदा मी उलटा शर्ट घालून आख्खा आठवडी बाजार फिरून आलो, निदान पन्नास जणांशी बोललो, आणि सगळे ‘राम राम जावईबापू’ म्हणून अदबीने बाजूला झाले. शर्ट उलटा आहे हे मला संध्याकाळी बायकोने, प्रियदर्शनीने सांगितले. ‘जावयाला कोण सांगणार?’ असे वर तिचे म्हणणे. उत्तमराव तर माझ्याशी थेट बोलतच नाहीत. मी समोर बसलेलो असतो आणि ते मुलीला म्हणतात, ‘जावयांना म्हणावं, भाकर वाढू का?’ मी तिला म्हणतो, ‘नको म्हणावं.’ ती दोघांकडे पाहून स्वतः भाकर घेते.

असे तीन वर्षे चालले होते. मला या गावाने एकदा तरी माणसातला माणूस समजून काहीतरी काम सांगावे, एवढीच माझी इच्छा होती. जे काम मला येते ते गावाला लागत नाही आणि गावाला लागते ते मला येत नाही, अशी अडचण होती. पण गेल्या हंगामात एका कुत्र्याने ती सोडवली.

गोष्ट अशी की, आमच्याकडे पीक हळदीचे. ओली हळद काढली की ती थोड्याच दिवसांत वाफेवर शिजवावी लागते, नाहीतर ढिगात तापते, कुजते आणि रंग जातो. शेतकऱ्यांच्या गटाने सरकारी अनुदानातून मोठा कुकर घेतलेला आहे. कुकर म्हणजे तुमच्या घरातला शिट्टीवाला नव्हे, तर चुलीवरच्या बॉयलरला जोडलेल्या माणूसभर उंचीच्या लोखंडी टाक्या. कुकर एक आणि हळद साऱ्या गावाची, म्हणून नंबर लावायचे. आणि नंबर लावायची पद्धत अशी, की शेडपुढे रांगेत आपली एक वस्तू ठेवायची. कोणाचे खुरपे, कोणाची विळी, कोणाची एक चप्पल. ज्याची हळद शिजली त्याने आपली वस्तू उचलायची. नंबर आला आणि माणूस हजर नसला तर त्याची वस्तू रांगेच्या शेवटी. गावातले सगळेजण सगळ्यांची खुरपी मुठीवरून ओळखतात. गेल्या हंगामात एका कुत्र्याने रांगेतली एक चप्पल पळवली. ती नेमकी गटाच्या अध्यक्षांची, म्हणजे आमच्या शेजारच्या रामकिशनची होती. चप्पल नाही म्हणजे नंबर नाही, असा निकाल लागला. त्यावरून जे रामायण झाले त्यात मी माडीवरून खाली वाकून एवढेच म्हणालो, ‘यावर एक ॲप करता येईल.’

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मग रामकिशन म्हणाला, ‘जावईबापू म्हणतेत तर करू की.’ उत्तमराव प्रियदर्शनीला म्हणाले, ‘जावयांना म्हणावं, तकलीफ घेऊ नका.’ मी तिला म्हटले, ‘तकलीफ कसली म्हणावं.’

ॲप तसे दोन दिवसांचे होते. पण कुठलाही शहाणा माणूस ॲप करायला बसला की आधी एक प्रश्न सोडवतो, आणि तो प्रश्न आम्हा लोकांत संसार मोडण्याइतका नाजूक आहे. तो म्हणजे, ‘स्टेट’ कशाने सांभाळायची? स्टेट म्हणजे ॲपला या घडीला ठाऊक असलेली सगळी माहिती. नंबर कोणाचा चालू आहे, मागे कोण आहे, कोणी काय दाबले. ही माहिती ठेवायची कुठे आणि तिला हात लावायचा अधिकार कोणाला, यासाठी लोकांनी तयार कोड लिहून ठेवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. लायब्रऱ्या पुष्कळ आहेत आणि सगळ्या फुकट आहेत, त्यामुळे निवड करणे फारच कठीण जाते.

मी तीन निवडल्या. पहिली रिडक्स. हिच्यात सगळी माहिती एकाच कोठारात. कोणालाही थेट हात लावता येत नाही. काही बदलायचे तर रीतसर अर्ज करायचा, नियम तो अर्ज तपासणार आणि मग बदल. दुसरी झुस्टांड. कोठार हिच्यातही, पण लहानसे, आणि अर्जफाटे नाहीत. तिसरी जोटाई. हिच्यात कोठारच नाही, माहितीचे बारीक बारीक कण, ज्याला जो कण लागेल त्याने तो वापरावा. या तिघींच्या गुणदोषांवर मी पुण्याच्या सहकाऱ्यांशी बोलत होतो, आणि माडीची खिडकी उघडी होती. मी माडीवर जे बोलतो ते रामकिशनच्या ओट्यावर स्वच्छ ऐकू जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर काठी वाजली. उत्तमराव प्रथमच माडीवर आले होते. प्रियदर्शनी शाळेत गेलेली, त्यामुळे बोलायचे कोणाशी याची पंचाईत झाली. शेवटी ते खिडकीकडे बघत म्हणाले, ‘आमच्या वडलाच्या काळात घरात पंचवीस माणूस व्हतं. कोठीची किल्ली एकाच्या कंबरंला. ज्याला जे लागंल त्यानं मागून घ्यावं. कधी दाणा इकडचा तिकडं झाला न्हाई.’ एवढे बोलून ते उतरून गेले. हे मत रिडक्सला आहे हे माझ्या लक्षात आले. सासऱ्यांचे मत डावलणे शक्य नव्हते.

कुकर चालवतात ते बद्रुद्दीनचाचा. वेल्डिंगचे त्यांचे जुने दुकान आहे आणि हंगामात ते शेडवरच असतात. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, ‘जावईबापू, मशीन कोणतीबी असू द्या, जितके पुर्जे कम तितकी तकलीफ कम. ती बारकी हाय ना, झुस्टांड का काय, तीच बराबर.’ नाव त्यांनी माझ्यापेक्षा चांगले उच्चारले. आता ज्या माणसाच्या हातात कुकर आहे त्याला नाही कसे म्हणणार?

तेवढ्यात भिकाबाई आल्या. भिकाबाई म्हणजे सत्तरीच्या, स्वतःच्या रानाचे स्वतः बघणाऱ्या, आणि जुन्या वाटणीत दिरांशी बरीच वर्षे कोर्टकज्जा केलेल्या. त्यांचे मत तयार होते. ‘एकत्र ठिवलं की भांडनं व्हतेत, लेकरा... म्हंजे जावईबापू. ज्याचं त्याला येगळं करून द्यावं. बारकं बारकं. मंग कोनाचं कोनाला वझं न्हाई.’ जोटाईची इतकी सुटसुटीत शिफारस मी इंटरनेटवरही वाचली नव्हती.

मी रामकिशनकडे गेलो. म्हटले, अध्यक्ष म्हणून तुम्हीच ठरवा. रामकिशनने बराच विचार केला आणि म्हणाला, ‘असं करा, कोनाला नाराज करू नका.’

यात कुकर अनुदानाचा असल्यामुळे कारभारात काही नवे आणायचे तर तालुक्याच्या कचेरीची मान्यता हवी, असे कोणीतरी काढले. कचेरीत भावसिंग म्हणून बाबू होते. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. ‘तीन दरपत्रकं आणा,’ ते म्हणाले.

‘साहेब, तिन्ही फुकट आहेत.’

‘मग तीन फुकटची दरपत्रकं आणा.’

मी स्वतःच तिन्ही टाइप केली. प्रत्येकावर रक्कम शून्य, अक्षरी शून्य फक्त. भावसिंगांनी ती नीट पाहिली. ‘यातलं सगळ्यात कमी कोणतं?’

‘तिन्ही सारखीच आहेत.’

‘सारखी चालत न्हाईत. सारखी असली की संगनमत हाय असं ऑडिटवाले म्हणतात. एखादं थोडं वाढवून आणा.’

फुकटची वस्तू महाग कशी करावी यावर मी परतीच्या बसमध्ये विचार करत होतो. पुढच्या खेपेला मी एकीच्या दरपत्रकात ‘प्रशिक्षण’ म्हणून थोडी रक्कम घातली, तर ते म्हणाले, प्रशिक्षणाच्या खर्चाचे वेगळे शीर्ष आहे, ते इथे येत नाही. शेवटी त्यांनी फाइलवर ‘तांत्रिक बाब असल्याने निर्णय गटाने आपल्या स्तरावर घ्यावा’ असा शेरा मारला आणि मला पाणी दिले. म्हणाले, ‘तुमी कुरुंद्याचे जावई ना? आमची मावशी तिथलीच. म्हणजे आमचेबी जावईच तुमी.’ म्हणजे आता तालुक्यातही माझी सोय राहिली नाही.

तोवर पुढचा हंगाम तोंडावर आला होता. हळदीचा पाला कापून झाला होता. मी शांतपणे विचार केला आणि कोणाला नाराज न करण्याचे ठरवले. मुख्य रांगेची यादी रिडक्समध्ये ठेवली, उत्तमरावांसाठी. चाचांच्या हातातले ‘झालं’ हे बटण झुस्टांडमध्ये. आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसणारी ‘माझा नंबर’ ही चौकट जोटाईमध्ये, भिकाबाईंसाठी. तिघींनी एकमेकींना निरोप द्यावेत म्हणून मधे थोडा कोड लिहिला. प्रियदर्शनीने एकदा वह्या तपासता तपासता विचारले, ‘एक रांग आहे ना? मग ती तीन ठिकाणी कशाला लिहितोस?’ मी तिला हसून म्हणालो की हा आर्किटेक्चरचा प्रश्न आहे. ती म्हणाली, ‘बरं. पण एक लक्षात ठेव, बिघडलं तर या गावात तुला कोणी सांगणार नाही.’ मी म्हणालो, त्यासाठी ॲपमध्ये ‘तक्रार’ असे लाल बटण ठेवलेले आहे.

ॲपचे उद्घाटन थाटात झाले. रामकिशनने मला शाल घातली, रांगेतल्या वस्तू उचलून लोक आपापल्या घरी घेऊन गेले, आणि शेडपुढची जमीन झाडून स्वच्छ केली. कुकर पेटला. गाड्या येऊ लागल्या, हळद शिजू लागली, वाफेचा तो मातकट गोड वास गावभर पसरला. कुठे भांडण नाही, तंटा नाही. मी रोज सकाळी तक्रारींची पेटी उघडून बघायचो. सगळ्या हंगामात तिच्यात एकच संदेश आला. ‘ॲप लई झकास. जावईबापूंनी एक दिवस जेवायला यावं.’ तो संदेश मी पुण्याला पाठवला. वरिष्ठांनी शाबासकीचा अंगठा पाठवला. इतकी निर्दोष प्रणाली माझ्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती, आणि याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, हे विशेष.

मग उत्तमरावांना सोयरिकीच्या बोलणीसाठी आखाडा बाळापूरला जावे लागले. पुतणीचे स्थळ होते, चार दिवस मोडणार होते. आमची हळद काढून अंगणात ढीग लावलेला. निघताना ते दारात थांबले, टोपी नीट केली आणि मुलीला म्हणाले, ‘जावयांना म्हणावं, नंबर आला की ट्रॅक्टर लावून हळद तेवढी शिजवून घ्यावी. मी काय तवर येत न्हाई.’

मी तिला म्हटले, ‘काळजी करू नका म्हणावं,’ आणि माडीवर जाऊन एकटाच हसलो. इतक्या वर्षांत या घराने मला सांगितलेले हे पहिले काम. वर्षभराची सगळी हळद माझ्या भरवशावर. मी मोबाइल उघडला. ‘माझा नंबर’ या चौकटीत लिहिले होते, गुरुवार.

मंगळवारी सकाळी रामकिशन आणि चाचा दोघे मिळून घरी आले. मी चहा मागवला.

‘हवा झकास हाय आज,’ रामकिशन म्हणाला.

‘हो, छान आहे.’

‘अशा हवंत हळद बराबर शिजती,’ चाचा म्हणाले.

‘आमची गुरुवारी आहे.’

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. रामकिशनने कप खाली ठेवला. ‘गुरुवार व्हय?’

‘ॲपवर तसं आहे.’

‘मंग प्रश्नच न्हाई. ॲपवर हाय म्हणल्यावर काय.’

चाचांनी खाकरून घेतले. ‘कुकर मातर आत्ता खालीच हाय जरासा.’

‘हां, तो मधला वेळ मी मुद्दामच ठेवलाय. मशीनलाही विश्रांती हवी,’ मी म्हणालो. असे काही मी ठेवलेले नव्हते, पण ऐकायला बरे वाटले. चाचांनी अंगणातल्या ढिगाकडे बराच वेळ पाहिले. रामकिशनने आणखी एक चहा घेतला, आमच्या म्हशीची चौकशी केली, पुण्यातल्या हवेची चौकशी केली, दारापर्यंत गेला, परत आला, ‘येतो मंग’ म्हणाला आणि पुन्हा दारात घुटमळला. खेड्यातल्या लोकांजवळ वेळ फार असतो, असे मला वाटले.

बुधवारी सासूबाई गोठ्यात म्हशीला सांगत होत्या, ‘हळदीला वास येऊन राहिला का गं बाई? मला तर येऊन राहिला.’ म्हशीने काही उत्तर दिले नाही आणि मला विचारलेले नव्हते.

गुरुवारी सकाळी मी ट्रॅक्टर बोलावला. मजूर लावून हळद भरली. फावडे आत गेले तेव्हा ढिगातून गरम वाफ आली, पण शिजवायची वस्तू गरमच असते असा मी विचार केला. ट्रॉलीवर पुढे उभा राहून मी गावातून निघालो. लोक राम राम करत होते आणि पटकन मान दुसरीकडे वळवत होते. शेडपुढे स्वच्छ झाडलेल्या जागेवर ट्रॅक्टर थांबला. कुकर भडभड चालू होता आणि टाकीजवळ भिकाबाई पदर खोचून उभ्या होत्या. म्हणजे त्यांची हळद शिजत होती. ॲपनुसार त्यांची परवाच झालेली होती.

मी कोणाला काही न विचारता शेडला वळसा घालून मागे गेलो. मागच्या भिंतीला लागून, वरून पोती झाकून, रांग होती. खुरपी, विळ्या, उलट्या पाट्या, आणि रामकिशनची चप्पल, कुत्र्याला उचलता येऊ नये म्हणून दगडाखाली. माझ्या ॲपचा हंगामभर जो गौरव झाला तो सगळा या भिंतीमागून चालला होता. अगदी शेवटी, सगळ्यांच्या मागे, पितळी कडीचे एक खुरपे होते. ते आमच्या घरचे होते. नंबर मंगळवारी येऊन गेला होता, आणि माणूस हजर नसला की वस्तू शेवटी, हा कायदा जावयाच्या सासऱ्यालाही लागू होता.

मी पुढे आलो तेव्हा सगळे उभे होते आणि खुर्ची आलेली होती. मी बसलो नाही.

रामकिशन म्हणाला, ‘जावईबापू, काई काळजी करू नका. तुमचं आधी घालू.’

‘व्हय, व्हय,’ सगळे म्हणाले. ‘जावयाचं आधी.’

‘माझी अर्धी राहिली ती काढून ठिवते मी,’ भिकाबाई म्हणाल्या आणि खरंच आपली पाटी बाजूला ओढू लागल्या. ‘तुमचं होऊ द्या.’

इथे मी खरा अडकलो. ट्रॉलीतली हळद तासातासाला खराब होत होती. ती सासऱ्यांची होती, ते मला सोपवून गेले होते, आणि मान डोलावली असती तर ती तासाभरात टाकीत पडली असती. पण मान डोलावली तर मी जन्मभर त्या खुर्चीत बसलेला राहणार होतो. मला त्या सगळ्यांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. ‘नको,’ मी म्हणालो. ‘आमचा नंबर शेवटचा आहे. शेवटीच घ्या.’

भिकाबाईंच्या हातातली पाटी अर्ध्यावरच राहिली. जावयाने पाहुणचार नाकारला तर पुढे काय करायचे, याला गावात रिवाज नव्हता.

तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. बोलणी एक दिवस आधीच उरकून उत्तमराव कोणाच्या तरी मागे बसून आले होते. ते उतरले, ट्रॉलीजवळ गेले, ढिगात कोपरापर्यंत हात घातला, हात बाहेर काढून नाकाशी नेला. मग चाचांना म्हणाले, ‘मंगळवारी व्हता ना आपला नंबर?’

चाचा आभाळाकडे बघू लागले. ‘ॲपवर गुरुवार व्हता,’ रामकिशन हळूच म्हणाला.

उत्तमराव माझ्याकडे वळले. प्रियदर्शनी तिथे नव्हती. क्षणभर ते तिला शोधत असावेत. मग ते थेट माझ्यावरच ओरडले, ‘अरे बाबा, तुला अक्कल हाय का न्हाई? येवढी हळद अंगणात तापून राहिली, अन् तू मोबाइल बघत बसला? ढिगात हात घालून बघता येत न्हाई तुला? वास येत न्हाई? घरात मानसं मेली व्हती का विचारायला?’

‘उत्तमराव, जावई हायेत,’ कोणीतरी कुजबुजले.

‘जावई असंल तिकडं! हळद माझी नासवली यानं!’

बांध फुटला तो इथे. आधी भिकाबाई बोलल्या. ‘अन् माझा नंबर त्या मोबाइलात रोज पहिला येतो. रोज! पहिल्या दिवशी मी गाडी भरून आले बी, अन् तशीच माघारी नेली.’ रामकिशन म्हणाला, त्याची हळद अजून रानात असताना मोबाइल तीनदा म्हणाला की शिजली. चाचा म्हणाले, ‘मी झालं दाबलं की माझ्या मोबाइलवर बराबर दिसतं, बाकीच्यांच्या मोबाइलवर गेल्या हप्त्याचंच.’ मागून कोणी म्हणाले, अक्षरं बारीक आहेत. कोणी म्हणाले, ते लाल बटण दाबलं की आपलीच तक्रार आपल्यालाच वाचून दाखवतं. सगळे एकदम बोलत होते आणि कोणीही जावईबापू म्हणत नव्हते.

‘मग मला सांगितलं का नाही?’ मी ओरडलो.

‘जावयाला काय सांगावं?’ रामकिशन म्हणाला. ‘नाराज झाले म्हंजे?’

मी त्यांना समजावले की चूक कुठे आहे. रांग तीन ठिकाणी लिहिली गेली, आणि एका ठिकाणचा बदल दुसरीकडे वेळेवर पोचत नाही. भिकाबाईंनी नीट ऐकून घेतले. ‘मंग तीन काहून घेतल्या?’

‘तुम्हीच तर सांगितल्या. तुम्ही एक, चाचांनी एक, मामांनी एक.’

‘आमी सांगितल्या म्हून तू घेतल्या? त्यातलं तुला कळतं का आमाला?’

‘म्हटलं, नाराज झालात म्हणजे?’

मग चाचा हसायला लागले, आणि मग टाकीभोवतीचे सगळेच. उत्तमराव तेवढे हसले नाहीत. ‘दात काय काढतो,’ ते मला म्हणाले. ‘ट्रॉली सावलीत घे, हळद खाली पसर. हवा लागू दे. अन् ती बादली घे, बॉयलरात पाणी कमी हाय.’ मी बादली घेतली. ती माझ्या हातातून कोणी काढून घेतली नाही. दुपारपर्यंत पाणी ओढून माझ्या हातांना फोड आले, आणि मला फार बरे वाटत होते, हे मी कोणाला सांगितले नाही.

आमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. बरीच हळद वाचली, काही टाकून द्यावी लागली, आणि जी वाचली तिचा रंग गेला. ॲपमधल्या दोन लायब्रऱ्या मी काढून टाकल्या आणि झुस्टांड ठेवली. रांग एक होती, तिला एवढे पुरेसे होते. खरे तर तिघींतली कोणतीही एकटी पुरली असती.

महिनाभराने हळद विकायला उत्तमराव वसमतला निघाले आणि ‘चल’ म्हणाले. व्यापाऱ्याने एक हळकुंड मोडून उजेडात धरले. ‘उत्तमराव, माल काळपट हाय औंदा. तुमचा माल कधी असा नसतो.’

‘न्हाई,’ उत्तमराव म्हणाले. ‘आमच्या पोरानं घोळ घातला.’

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले. ‘मला वाटलं, जावई हायेत.’

‘ते पोतं उसवलंय, ते शीव आधी,’ उत्तमराव मला म्हणाले आणि दाभण माझ्या हातात दिला. मी पोत्याचे तोंड शिवले. त्यांनी ते पाहिले, टाके वाकडे आहेत म्हणाले आणि सगळे उसवून पुन्हा घालायला लावले.